दूधभाताचे मागणे
'अन्नदामंगल'च्या पहिल्या सचित्र आवृत्तीच्या निमित्ताने

सणाची कथा सणाबरोबर येते. ती देवासमोर किंवा मांडवात सांगितली जाते, गायिली जाते, आणि सण सरला की ऐकणाऱ्यांच्या मनात विरून जाते. पुढच्या वर्षी ती पुन्हा येणारच असते. म्हणून तिला जपून ठेवण्याची कोणाला चिंता नसते. हीच कथा जेव्हा चित्रांनी नटून, चांगल्या बांधणीत, ग्रंथरूपाने हाती येते तेव्हा तिच्यात एक मूलभूत पालट घडतो. ती आता ऐकणाऱ्या समुदायाची राहत नाही, विकत घेणाऱ्याची होते. ती हरवू शकते, दुर्मिळ होऊ शकते, आणि दुर्मिळ झाली म्हणजे तिला संग्राहकाचे मोल येते. या पालटात कथेचे काय होते, हा प्रश्न वाङ्मयाचा विचार करणाराने स्वतःला विचारावयास हवा. त्यासाठी कलकत्त्यात राहणाऱ्या मराठी वाचकाला दूर जाण्याचे कारण नाही. बंगाली मुद्रणाच्या इतिहासातील पहिला सचित्र ग्रंथ म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो भारतचंद्राचा 'अन्नदामंगल' १८१६ साली याच शहरात छापला गेला. आणि त्या काव्याच्या जन्माशी आपल्या पूर्वजांचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे.

प्रथम काव्याविषयी. भारतचंद्र राय (१७१२–१७६०) हा नदियाच्या महाराजा कृष्णचंद्राच्या दरबारचा कवी. 'गुणाकर' ही त्याची पदवी. 'अन्नदामंगल' त्याने १७५२ साली पुरे केले. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्यात शिवपार्वतीचा संसार, अन्नपूर्णेचे प्रकटणे आणि काशीचे माहात्म्य. दुसऱ्यात विद्या आणि सुंदर यांची प्रेमकथा. तिसऱ्यात मानसिंहाची बंगालवरील स्वारी व कृष्णचंद्राचा पूर्वज भवानंद मजुमदार याचा उत्कर्ष. बंगालमध्ये मनसा, चंडी, धर्म इत्यादी देवतांची 'मंगल' काव्ये अनेक झाली. त्या त्या देवतेच्या उत्सवात ती काही दिवस चालणाऱ्या गायनातून सादर होत. भारतचंद्राचे काव्यही अन्नपूर्णापूजेसाठी, म्हणजे चैत्र शुद्ध अष्टमीच्या उत्सवासाठी रचले गेले. आपल्याकडे या महिन्यात चैत्रगौर बसते, हळदीकुंकू होते, आंब्याची डाळ आणि पन्हे वाटले जाते. मुलीच्या लग्नात तिच्याबरोबर पितळेची लहानशी अन्नपूर्णा देण्याची आपली चाल आहे; हाती पळी घेतलेली ती मूर्ती मराठी घराच्या देव्हाऱ्यात बहुधा असतेच. तेव्हा या काव्याची नायिका आपल्याला परकी नाही.

१८१६ च्या आवृत्तीचा कर्ता-करविता गंगाकिशोर भट्टाचार्य. श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम करून हा गृहस्थ कलकत्त्यास आला आणि पुस्तके छापून विकणे हा त्याने धंदा केला. १८१८ साली त्याने 'बांगाल गेजेटि' हे वृत्तपत्रही काढले. 'अन्नदामंगल' त्याने फेरिस कंपनीच्या छापखान्यात छापवून घेतले आणि त्यात सहा चित्रे घातली. चित्रे कोरणाऱ्या रामचाँद राय याचे नावही चित्राखाली इंग्रजी अक्षरांत खोदलेले आहे. या साध्या गोष्टींतील अर्थ मोठा आहे. बंगाली अक्षरांचे खिळे प्रथम वापरले गेले ते १७७८ साली हुगळीस छापलेल्या हॅल्हेडच्या व्याकरणात. त्यानंतरचे मुद्रण बव्हंशी कंपनी सरकारच्या गरजेचे किंवा मिशनऱ्यांच्या धर्मकार्याचे होते. गंगाकिशोराने कोणाच्या आज्ञेवाचून, कोणाच्या देणगीवाचून, केवळ वाचक विकत घेईल या भरवशावर ग्रंथ छापला. आणि त्यासाठी निवडला तो देवीच्या उत्सवात गायिला जाणारा, लोकांना आधीच ठाऊक असलेला ग्रंथ. चित्रे घातली, कारण जे ऐकले आहे ते पाहण्याची हौस माणसाला असते हे त्याने ओळखले.

याच्याशी मराठी मुद्रणाची तुलना उद्बोधक ठरेल. १८०५ साली मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने ताम्रपटावरून भगवद्गीता छापली गेली. ते कार्य संस्थानिकाचे होते, बाजाराचे नव्हते. आणि मराठी गद्याची आरंभीची छापील पुस्तके निघाली ती पुण्यामुंबईस नव्हेत, तर हुगळीच्या पलीकडील तीरावर, श्रीरामपुरास. वैजनाथशर्मा या पंडिताच्या साहाय्याने केरीने मराठी व्याकरण १८०५ साली काढले. पुढे १८१४ साली 'सिंहासन बत्तिशी' आली, १८१५ साली 'हितोपदेश', आणि १८१६ साली, म्हणजे नेमक्या 'अन्नदामंगल'च्या वर्षी, 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' मोडी लिपीत छापले गेले. रामराम बसूच्या १८०१ मधील बंगाली ग्रंथाचा तो मराठी अवतार. आता हा प्रतापादित्य म्हणजे जेसोरचा तोच राजा, ज्याला जिंकण्यासाठी मानसिंह बंगालमध्ये उतरतो आणि ज्याची कथा 'अन्नदामंगल'च्या तिसऱ्या भागात येते. एकाच वर्षी, एकाच नदीच्या दोन तीरांवर, एकाच राजाची कथा एका छापखान्यात बंगाली वाचकासाठी चित्रांच्या ग्रंथात शिरत होती आणि दुसऱ्यात मराठी शिकणाऱ्या साहेबासाठी मोडीत उमटत होती. पहिलीला गिऱ्हाईक होते, दुसरीला विद्यार्थी. बंगाली गद्यपद्याला बाजार लवकर सापडला आणि मराठीला सरकारी शिक्षणखात्याचा हात धरून चालावे लागले, या पुढील इतिहासाची चाहूल या दोन पुस्तकांतच लागते.

परंतु मुद्रणाचा पराक्रम मान्य केल्यावर समीक्षकाने चित्रांकडे वळले पाहिजे. ही चित्रे कौशल्याच्या दृष्टीने साधी आहेत. आकृती ताठ, छायाप्रकाशाचा बेत इंग्रजी पुस्तकांतून पाहून उचललेला, आणि वास्तू व वस्त्रे मात्र येथील. त्यांत एक प्रामाणिकपणा आहे, आणि पुढे चितपूरच्या बाजूस बटतल्याच्या छापखान्यांतून जी ठसेचित्रांची बाजारी परंपरा फोफावली तिचे मूळ येथे पाहावयास मिळते. आक्षेप आहे तो विषयांच्या निवडीला. देवीचे दर्शन ग्रंथात आहेच. पण कोरणाऱ्याचे मन रमले आहे ते विद्यासुंदराच्या कथेत. कांचीचा राजपुत्र सुंदर, वर्धमानची राजकन्या विद्या, मध्यस्थ हिरा माळीण, भुयारातून चोरट्या भेटी, मग सुंदराचे चोर म्हणून पकडले जाणे: या प्रसंगांना चित्राचे आकर्षण आहे हे खरेच. हीच कथा लोकांना भावे. १७९५ साली कलकत्त्यात लेबेदेफ या रशियन गृहस्थाने बंगाली नाटक उभे केले तेव्हा त्यात भारतचंद्राची गाणी घातली होती, आणि १८३५ साली श्यामबाजारात नवीनचंद्र बसूंच्या घरी 'विद्यासुंदर'च रंगले. प्रकाशकाने लोकरुची जाणली, यात त्याचा दोष नाही. पण त्यामुळे अन्नदेच्या ग्रंथात अन्न मागे पडले. पुढे शतकाच्या उत्तरार्धात हीच प्रेमकथा अश्लील ठरविली गेली आणि तिच्या अपकीर्तीखाली सगळे काव्यच झाकोळले. विसाव्या शतकात प्रमथ चौधुरी यांच्यासारख्या मर्मज्ञाला भारतचंद्राची बाजू हिरिरीने मांडावी लागली ती याचमुळे. ज्या चित्रांनी ग्रंथ घरोघर नेला, त्यांनीच तो कशासाठी ओळखला जावा हेही काही अंशी ठरविले. सचित्र आवृत्तीचा हा धोका ध्यानात ठेवण्यासारखा आहे: चित्र हे नेहमीच एक मत असते.

मग या काव्याचा गाभा कोणता? तो समजण्यासाठी ते का लिहिले गेले हे पाहावे लागते. आणि येथे मराठी वाचकाला काहीसे सावध होऊन बसावे लागते. ग्रंथाच्या प्रास्ताविक भागातच कवी सांगतो की, नबाब अलिवर्दीच्या सैन्याने भुवनेश्वरास अत्याचार केला तेव्हा क्रुद्ध नंदीने त्रिशूळ उचलला. शंकराने त्याला आवरले आणि साताऱ्यास आपला भक्त असा राजा आहे, त्याला स्वप्नात जाऊन सांग, असे म्हटले. त्या स्वप्नादेशावरून रघुजी आणि भास्करपंत बंगालवर चालून आले. एवढ्यावर कवी थांबला असता तर आपल्या अभिमानाला सुखच वाटले असते. पण तो थांबत नाही. नावांचा पूल बांधून गंगा ओलांडणारे, गावे जाळणारे, द्रव्याबरोबर लेकीसुना नेणारे बारगीर त्याने थोड्याच ओळींत पुढे उभे केले आहेत. देवाने ज्यांना दंड देण्यासाठी पाठविले त्यांनी निरपराधांनाही सोडले नाही, आगीला पापी आणि पुण्यवान असा भेद ठाऊक नसतो, हा त्याचा भाव.

या लुटीने नबाबाचा खजिना आटला. त्याने कृष्णचंद्राकडे बारा लक्षांचा नजराणा मागितला. तो न देता आल्यामुळे महाराज मुर्शिदाबादेस कैदेत पडले. तेथे स्वप्नात अन्नदा प्रकट झाली आणि तिने चैत्रातील आपली पूजा करावयास व भारतचंद्राकडून आपले मंगलगान रचवून घ्यावयास सांगितले. ही झाली कवीची कथा. दैवी आवरण बाजूला केले तरी कार्यकारणाची साखळी शिल्लक राहतेच: स्वाऱ्या, त्यांतून रिकामा खजिना, त्यातून खंडणी, त्यातून कैद, त्यातून व्रत आणि व्रतातून काव्य. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये आल्या नसत्या तर 'अन्नदामंगल' या रूपात लिहिले गेले नसते. आणि १७५१ च्या तहाने भोसल्यांना जी वार्षिक चौथाई मिळाली तिचा आकडाही बारा लक्षांचाच आहे. हा योगायोग असेल. पण वाचताना तो मनाला टोचतो.

कलकत्त्याच्या भूगोलातही ही खूण आहे. १७४२ साली या भयाने येथील रहिवाशांनी जो खंदक खणावयास घेतला तो पुरा झालाच नाही; अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला, आणि आज आचार्य प्रफुल्लचंद्र व आचार्य जगदीशचंद्र यांच्या नावांच्या रस्त्यांवरून आपण त्याच खंदकावरून ये-जा करतो. 'बारगीर' हा आपल्या लष्करी दप्तरातला साधा शब्द, सरकारी घोड्यावर बसणारा स्वार एवढाच त्याचा अर्थ. बंगाली घरांत तो 'बर्गी' होऊन मुलाला झोपविण्याच्या गाण्यात गेला. शब्दाचा असा प्रवास एखाद्या बखरीहून अधिक बोलका असतो.

त्याच सुमारास गंगाराम नावाच्या दुसऱ्या कवीने 'महाराष्ट्र पुराण' लिहिले. त्याच्याही काव्यात मराठ्यांना प्रथम देवाचाच आदेश आहे. भास्करपंताने १७४२ च्या शरदात गंगाकाठी मांडलेली दुर्गापूजा आणि अलिवर्दीच्या हल्ल्याने तिचा झालेला भंग त्यात वर्णिला आहे. आणि ब्राह्मण व स्त्रिया यांच्यावरील अत्याचारांमुळे देवीच शेवटी भास्करपंतावर उलटते. १७४४ साली वाटाघाटीच्या मिषाने बोलावून मानकऱ्यास त्याचा वध झाला. दोन्ही काव्ये आगेमागे वर्षभरात पुरी झाली. पण एकाला राजाश्रय, गायक, छापखाना आणि चित्रे मिळाली. दुसरे हस्तलिखित पोथीत पडून राहिले, विसाव्या शतकाच्या आरंभी विद्वानांच्या नियतकालिकात आले, आणि १९६५ साली डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांच्या इंग्रजी भाषांतराने बाहेरच्या जगाला कळले. उत्सवाशी जोडलेले काव्य टिकते, केवळ आपत्ती सांगणारे विसरले जाते, असा याचा अर्थ घ्यावा काय? निदान इतके खरे की, लोक आपल्या दुःखाची आठवण ठेवतात ती सणाच्या ताटात वाढून.

भारतचंद्राच्या चरित्रातही एक मराठी पान आहे. ईश्वरचंद्र गुप्तांनी १८५५ साली लिहिलेल्या चरित्रात अशी हकीकत आहे की, वर्धमानच्या कैदेतून निसटलेला हा कवी कटकास गेला आणि तेथील मराठा सुभेदार शिवभट्ट याने त्याची पुरीस राहण्याची व महाप्रसादाची सोय करून दिली. इतिहासाच्या कसोटीवर ही हकीकत अडखळते. कटकावर मराठ्यांची सत्ता स्थिर झाली ती १७५१ च्या तहानंतर, आणि तोवर कवी कृष्णनगरास स्थिरावला होता. नावांत किंवा काळांत कोठे तरी गफलत आहे. तरी देखील ही आख्यायिका टाकून देववत नाही. ज्यांनी बंगालच्या कोठारांना आग लावली त्यांच्यापैकीच एकाने अन्नपूर्णेच्या भावी कवीला जेवू घातले, असे बंगाली परंपरेला म्हणावेसे वाटले, यात तिचा मोठेपणा आहे. तिने मराठ्याला एकाच रंगात रंगविले नाही. आपण मात्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत बंगालच्या स्वाऱ्या चौथाईच्या आकड्यांनी मोजल्या आणि पुढे गेलो. पुढे १९०४ साली सखाराम गणेश देउस्करांनी 'देशेर कथा' लिहून, मराठी वंशाच्या लेखणीने, बंगाली भाषेत, परकीय राजवटीने केलेल्या लुटीचा हिशेब मांडला. त्याकडे जुन्या ऋणाची फेड म्हणून पाहावयास हरकत नसावी.

आता काव्याच्या गाभ्याकडे. अन्नदा हरिहोड नावाच्या भक्ताचे घर सोडून भवानंदाच्या घरी निघते. वाटेत नदी आहे. ईश्वरी पाटणी हा नावाडी एकट्या कुलस्त्रीला नावेत घेण्यापूर्वी तिची ओळख विचारतो. पतीचे नाव घ्यावयाचे नाही, म्हणून ती आडवळणाने सांगते: नवरा म्हातारा, निर्धन, भांगेचा शौकी, भुतांच्या संगतीत वावरणारा. ऐकणाऱ्याला निंदा वाटावी आणि जाणत्याला स्तुती कळावी अशी ती रचना. उखाण्यात नाव गुंफण्याची रीत ज्या घरांत आहे तेथल्या वाचकाला या प्रसंगाची गोडी समजावून सांगावी लागत नाही. ती नावेत बसते. पाणी उपसण्याच्या लाकडी भांड्यावर पाय ठेवते. ते सोन्याचे होते. नावाडी ओळखतो. देवी वर माग म्हणते. आणि राज्य, संपत्ती, मोक्ष यांपैकी काहीही न मागता तो एवढेच मागतो की, आपल्या मुलाबाळांना दूधभाताची वाण पडू नये.

या एका मागण्यात सारे काव्य आले आहे. सोन्याचे भांडे हाती असताना माणूस दूधभात मागतो, कारण सोने लुटले जाते हे त्याने नुकतेच पाहिले आहे. दहा वर्षे शेते तुडविली गेलेल्या प्रदेशातील माणसाचे हे मागणे आहे. आपल्या गौरीच्या कहाणीतही अनोळखी म्हातारी दरिद्री ब्राह्मणाच्या घरी येते आणि रिकामे मडके कण्यांनी भरते. पण त्या कहाणीत समृद्धी वाढत जाते, आणि येथे मागणारा स्वतःच मर्यादा घालून घेतो. स्वतःसाठी काही नाही, पुढच्या पिढीला पोटभर अन्न, बस्स. बंगालमध्ये आज ज्याने हे काव्य पुरते वाचलेले नाही त्यालाही ही मागणी ठाऊक असते. ती त्याच्यापर्यंत पोचली ती चित्राच्या आधाराने नव्हे, कवीच्या साध्या शब्दांच्या बळावर.

येथेच किमती आवृत्तीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. इंग्रजीत डिकन्सची नाताळची गोष्ट १९ डिसेंबर १८४३ रोजी सोनेरी कडांच्या सुबक पुस्तकात, जॉन लीचच्या हाताने रंगविलेल्या चार चित्रांसह, पाच शिलिंगांना निघाली. नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्या. पण सजावटीचा खर्च असा की, हजार पौंडांची आशा धरणाऱ्या लेखकाच्या हाती प्रथम २३० पौंडच पडले. गरिबाच्या ताटाची काळजी वाहणारी कथा श्रीमंती वेषात निघावी, हा विरोध त्या पुस्तकाच्या कपाळी जन्मतःच आहे. 'अन्नदामंगल'लाही तो चुकलेला नाही. विद्यासागर आणि मदनमोहन तर्कालंकार यांनी १८४७ साली सहाशे रुपये कर्ज काढून संस्कृत छापखाना घातला. त्यातून पहिला ग्रंथ काढला तो कृष्णनगरच्या राजवाड्यातील पोथीवरून सिद्ध केलेला 'अन्नदामंगल'. फोर्ट विल्यम कॉलेजसाठी मार्शलसाहेबांनी शंभर प्रती दर सहा रुपयांप्रमाणे घेतल्या आणि कर्ज फिटले. सहा रुपयांचे पुस्तक त्या काळी पाटण्याच्या घरात जाणारे नव्हे. पण त्या पैशावर उभ्या राहिलेल्या छापखान्यातून पुढे 'वर्णपरिचय' निघाला आणि तो मात्र लहानथोर घरांत गेला. अन्नदेने आपल्या नावाडियाला दिलेला वर असा वळसा घेऊन अक्षररूपाने पोचला, असे म्हणावेसे वाटते.

१८१६ ची प्रत आज ग्रंथालयातील जपून ठेवलेला ठेवा आहे. ती तशी जपली जाणे योग्यच. हार्वर्डच्या मूर्ती ग्रंथमालेत २०१७ व २०२० साली फ्रान्स भट्टाचार्य यांनी सिद्ध केलेले दोन देखणे खंड निघाले, त्यांत बंगाली मूळ आणि इंग्रजी भाषांतर समोरासमोर आहे. उद्या एखाद्या मराठी प्रकाशकाने हे काव्य भाषांतरित व सचित्र काढण्याचे मनात आणले तर त्याच्याकडून आमची अपेक्षा दोन गोष्टींची राहील. एक, प्रास्ताविकातील साताऱ्याचे स्वप्न आणि त्यापुढची जळती गावे, दोन्ही जशीच्या तशी यावीत. पहिले ठेवून दुसरे गाळण्याचा मोह होऊ नये. दुसरी, चित्रकाराने आपली सर्वोत्तम शक्ती भुयारातील प्रियकरापेक्षा नदीकाठच्या नावाड्यावर खर्च करावी. त्या चित्रात देवीच्या मागे, दूर क्षितिजावर, धुराची एक रेघ असली तर ती अप्रस्तुत होणार नाही. ज्यांच्या पूर्वजांनी तो धूर उठविला त्यांच्या भाषेत हा ग्रंथ येईल तेव्हा बांधणी कितीही उंची असो, त्याच्या पहिल्या पानावर मान मिळावा तो त्या दूधभाताच्या मागण्याला.